खुळखुळे सर आणि वाकलेली रेघ

विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात त्यांना खुळखुळे सर म्हणत, आणि हे नाव कुणी खोडसाळपणानं नव्हे तर लाडानं ठेवलंय अशी त्यांनी स्वतःची समजूत करून घेतली होती. नावामागचं कारण साधं होतं. सरांच्या शर्टाच्या खिशात कायम एक काडेपेटी असायची आणि तिच्यात काड्यांऐवजी एक वाळका वाटाणा. कुणीही भेटो, नवा प्राध्यापक असो की लिफ्ट दुरुस्त करायला आलेला मेकॅनिक, सर ती पेटी काढून त्याच्या कानाशी हलवत. "काय ऐकू येतंय?" "काहीतरी खुळखुळतंय." "झालं तर. हेच माझं संशोधन." मेकॅनिक बिचारा पेटीकडे बघे, सरांकडे बघे आणि पाना उचलून कामाला लागे.

आता हे संशोधन काय, ते सांगितल्याशिवाय गाडी पुढं सरकणार नाही. सरांनी त्यासाठी दोन तास घेतले असते, आपण थोडक्यात उरकू. काही पदार्थ असे असतात की त्यांची एक बाजू तापवली आणि दुसरी गार ठेवली की त्यांच्यातून आपोआप वीज निघते. कारखान्याच्या धुराड्यातून, मोटारीच्या नळीतून जी उष्णता नुसती वाया जाते तिचं काहीतरी चीज व्हावं, हा त्यामागचा हेतू. घोडं अडतं ते एका जागी. असल्या पदार्थानं विजेला बिनबोभाट जाऊ द्यायचं आणि उष्णतेला मात्र दारातच रोखायचं, आणि ही दोन्ही कामं एकदम करणारा पदार्थ सापडता सापडत नाही. घन पदार्थातली उष्णता म्हणजे अणूंची थरथर. एक अणू थरथरला की शेजारचा थरथरतो, मग त्याचा शेजारी, अशी ती लाट पुढं पुढं जाते. सरांच्या लाडक्या पदार्थात अणूंचे पिंजरे होते आणि प्रत्येक पिंजऱ्यात एकेक जाडजूड अणू सैलसर बसलेला. त्यातून उष्णता फार रेंगाळत जाते, हे सगळ्यांनी मोजलं होतं. ती का रेंगाळते, याचं उत्तर सरांनी ऐन उमेदीत दिलं होतं. पिंजऱ्यातला अणू एकटाच, कुणाचं न ऐकता, मनाला येईल तसा खुळखुळतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या लाटांचा विचका करतो, असं त्यांचं म्हणणं.

या एका कल्पनेवर सरांनी नोकरी मिळवली, बढती मिळवली आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे बायकोसुद्धा मिळवली. बायको दातांची डॉक्टर. पहिल्याच भेटीत सरांनी पेटी काढून तिच्या कानाशी हलवली, तेव्हा ती गंभीरपणे म्हणाली होती, "हलतोय म्हणजे काढावा लागेल." त्या वाक्यावर सर भाळले. दिवसभर ती आ वासलेल्या माणसांशी बोलायची, ज्यांना उत्तर देता येत नाही, आणि संध्याकाळी घरी यायची ती अशा माणसाकडे, ज्याचं तोंड बंद होत नाही. हा विनोदही सरांचाच. तो ते पाहुण्यांना सांगत आणि बायको तेवढ्यात आत जाऊन पाणी आणत असे.

कारण स्वतःची टिंगल करण्यात सरांचा हात धरणारा कुणी नव्हता. दुसऱ्यानं बोलायच्या आत आपणच बोलून टाकायचं, म्हणजे दुसऱ्याला बोलायला काही उरत नाही, हे त्यांचं जुनं तंत्र. "आमची प्रयोगशाळेतली भट्टी आणि मी, दोघंही तापायला वेळ घेतो, बिघडायला घेत नाही," असं ते नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगत. टक्कल, पोट, विसरभोळेपणा, जिना चढताना लागणारी धाप, सगळ्यावर त्यांचे तयार विनोद होते. लोक हसत. सरांना वाटे, आपल्याइतकं स्वतःला ओळखणारा माणूस या इमारतीत दुसरा नसेल.

त्यांची शेवटची शिष्या मात्र फारशी हसत नसे. तिला विनोद कळत नव्हते अशातली गोष्ट नाही. ती ऐकून घ्यायची, किंचित ओठ हलवायची आणि परत भट्टीकडे वळायची. भट्टीत स्फटिक वाढवायचा तर आधी सगळं वितळवायचं, मग इतक्या सावकाश गार करायचं की अणूंना रांगेत उभं राहायला फुरसत मिळावी. घाई झाली की स्फटिकाला भेग पडते. शिष्येच्या हातून तीन स्फटिक फुटले, चौथा अंगठ्याच्या पेराएवढा, सलग आणि काळाभोर निघाला. त्या दिवशी ती पहिल्यांदा प्रयोगशाळेत गुणगुणली. सरांनी ताबडतोब जाहीर केलं की ही भट्टी आपल्याला घाबरते आणि हिला मानते.

त्या स्फटिकावर तिचं सगळं अडून राहिलं होतं. विद्यापीठानं दिलेली मुदतवाढ संपत आली होती, पुढची मिळणार नव्हती. एका कॉलेजनं शिकवायची जागा तिच्यासाठी अडवून ठेवली होती, पण प्रबंध दाखल झाला तरच. घरी आजारी आई होती आणि शिकणारा धाकटा भाऊ. प्रबंधाची चार प्रकरणं लिहून तयार होती आणि पाचव्याच्या जागी नुसतं शीर्षक होतं. शीर्षक सरांनीच दिलेलं: 'पिंजऱ्यातल्या अणूच्या खुळखुळण्याचा न्यूट्रॉनद्वारे पुरावा.' पुरावा यायचा होता, शीर्षक आधीच येऊन बसलं होतं.

न्यूट्रॉन मिळतात अणुभट्टीत, आणि अशी अणुभट्टी दूरच्या गावी होती. तिथं न्यूट्रॉनचा झोत बाहेर काढून स्फटिकावर सोडतात. न्यूट्रॉन आत शिरतो, थरथरणाऱ्या अणूंना धडकतो, थोडी ऊर्जा देतो किंवा घेतो आणि वळून बाहेर पडतो. तो किती वळला आणि त्यानं किती ऊर्जा गमावली हे मोजलं की आतले अणू कसे थरथरतात ते कळतं. अणू खरोखर एकटाच खुळखुळत असेल, तर मोजलेले ठिपके जोडून येणारी रेघ सपाट यायला हवी. बाकीच्या अणूंना बरोबर घेऊन हलत असेल, तर रेघ वाकते. अख्ख्या जगानं ही रेघ एकाच बाजूनं मोजली होती, आणि त्या बाजूनं ती बऱ्यापैकी सपाट आली होती. सरांना ती आणखी नेटकी, आणखी सपाट हवी होती. या झोतावरच्या वेळेला बीमटाइम म्हणतात आणि तो मिळायला नशीब लागतं. सरांचा अर्ज दोनदा परत आला होता, तिसऱ्यांदा मंजूर झाला. मोजके दिवस मिळाले होते. त्यांच्या मागं दुसरे लोक रांगेत होते आणि त्यांच्या मागं आणखी दुसरे.

दोघं तिथं पोचले. सामान उतरवलं, गळ्यात बिल्ले अडकवले, किरणोत्सर्गाबद्दलची सूचनावजा फिल्म बघितली. सर तिच्यात डुलक्या घेत होते. मग तयारीच्या खोलीत स्फटिक चिकटवायची वेळ आली. हे काम नाजूक. स्फटिक एका अ‍ॅल्युमिनियमच्या खुंटीवर चिमूटभर गोंदानं बसवायचा, आणि तो कुठलं तोंड वर करून बसतो यावर न्यूट्रॉनना त्याची कुठली बाजू दिसणार ते ठरतं. म्हणून निघायच्या आधीच एक्स-रेनं नीट तपासून वरच्या तोंडावर पेनानं काळा ठिपका दिलेला होता.

"सर, मी लावू का?" शिष्येनं विचारलं.

"अगं, तू जन्मायच्या आधीपासून मी स्फटिक चिकटवतोय," सर म्हणाले. त्यांनी बायकोच्या दवाखान्यातून बाद झालेली दात कोरायची सळई खिशातून काढली. गोंद लावायला हिच्यासारखं हत्यार नाही, हे त्यांचं ठाम मत. मग चष्मा कपाळावर सरकवून, बोळा भिजवून त्यांनी स्फटिक अ‍ॅसिटोननं स्वच्छ पुसला. वर, खाली, चारी बाजूंनी, अगदी मनापासून. बोटांचं तेलकट लागलेलं असतं, त्यात हायड्रोजन असतो, हायड्रोजन न्यूट्रॉनना भलतीकडेच विखुरतो, वगैरे व्याख्यान पुसता पुसता चालूच होतं. पुसून झाल्यावर त्यांनी बोळ्याकडे बघितलं. बोळ्यावर काळा डाग होता. स्फटिकावर ठिपका नव्हता.

सरांनी बोळा चटकन मुठीत दडवला. शेजारच्याच खोलीत एक्स-रेचं यंत्र होतं, पण तिथं लोक उभे होते, आणि तिथं जाऊन काय सांगायचं, की पुसता पुसता आपलीच खूण पुसली म्हणून? त्यांनी तिरक्या नजरेनं शिष्येकडे बघितलं. ती खाली मान घालून, नको तिथले न्यूट्रॉन अडवायला लागणारा कॅडमियमचा पत्रा कात्रीनं कापत होती. तिच्या काही लक्षात आलेलं दिसत नव्हतं. सरांनी स्फटिक उजेडात फिरवला. हे तोंड जरा जास्त गुळगुळीत दिसतंय, तेव्हा हेच वरचं, असा इतक्या वर्षांच्या अनुभवाचा कौल घेतला आणि सळईच्या टोकानं गोंद लावून तो बसवून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्रवाले त्यांना बोलवायला आले. यंत्रवाले म्हणजे तिथलं ते अवाढव्य मोजमापाचं यंत्र सांभाळणारे एक शास्त्रज्ञ, उंच आणि मितभाषी. स्फटिक एव्हाना गार करायच्या भांड्यात बंद झालेला होता आणि झोत सुरू होता. "सर," ते म्हणाले, "तुम्ही सांगितलेल्या कोनात काहीच नाही. थोडं फिरवलं तर भरपूर आहे. दुसरंच तोंड वर आलंय."

खोलीत पडदे होते, पडद्यांवर आकडे होते आणि त्या सगळ्यांपुढं सर होते. त्यांनी लगेच आपलं नेहमीचं शस्त्र उपसलं. "माझाच पराक्रम," ते म्हणाले. "मीच खूण दिली, मीच पुसली. आता मला पुसून टाका म्हणजे हिशेब पुरा झाला." यंत्रवाले हसले. सरांचा जीव थोडा भांड्यात पडला. मग यंत्रवाल्यांनी पुढचं सांगितलं. बाहेर काढायचा तर भांडं आधी कोमट होऊ द्यावं लागेल, स्फटिक किरणोत्सर्गी झालाय की नाही ते तपासावं लागेल, पुन्हा चिकटवून पुन्हा गार करावं लागेल. दिलेल्या वेळातला मोठा तुकडा त्यातच जाईल, आणि उरलेल्यात एक रेघ पुरी होईल की नाही याचा भरवसा नाही.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. ते काढायला सांगणारच होते. तेवढ्यात शिष्या म्हणाली, "राहू द्या, सर. आहे तसंच मोजू."

"अगं, पण तुझं प्रकरण..."

"माझंच आहे ना. मोजू आहे तसंच."

सरांना भरून आलं. आपली लाज राखायला ही पोर स्वतःच्या प्रबंधावर पाणी सोडतेय, असं त्यांना वाटलं. या विचारानं ते इतके हेलावले की त्यांनी यंत्रवाल्यांना बाजूला घेऊन तिच्या गुणांचं वर्णन केलं आणि मग कँटीनमध्ये जाऊन दोन सँडविच खाल्ली.

मोजणी सुरू झाली. एकेक ठिपका यायला बराच वेळ लागतो, आणि तोवर पडद्याकडे बघत बसण्यापलीकडे माणसाच्या हातात काही नसतं. पहिले ठिपके आले ते सपाट होते. सर मांडी ठोकून म्हणाले, "बघितलंस? कुठल्याही तोंडानं बघ, खुळखुळतो म्हणजे खुळखुळतो." पुढचा ठिपका किंचित वर आला. सर म्हणाले, होतं असं. त्याच्या पुढचा आणखी वर आला. त्याच्या पुढचा त्याहून वर. संध्याकाळपर्यंत पडद्यावर जी रेघ उभी राहिली ती सपाट नव्हती. ती बशीच्या कडेसारखी वर वळत गेली होती, आणि तिच्यात शंकेला जागा नव्हती. पिंजऱ्यातला अणू एकटा खुळखुळत नव्हता. तो अख्ख्या पिंजऱ्याला, शेजारच्या पिंजऱ्यांना बरोबर घेऊन हलत होता. जगानं ज्या बाजूनं मोजलं होतं, त्या बाजूनं हे दिसतच नव्हतं.

मग सरांनी फाटे फोडायला सुरुवात केली. आधी गोंदावर ठपका ठेवला. यंत्रवाल्यांनी गोंदाचा हिशेब करून दाखवला, गोंद निर्दोष सुटला. मग अ‍ॅल्युमिनियमची खुंटी. रिकामी खुंटी मोजून झाली, तीही सुटली. मग सर दबक्या आवाजात म्हणाले की तुमच्या यंत्राचं मोजमाप कधी तपासलं होतं? यंत्रवाल्यांनी शांतपणे जुन्या माहितीच्या स्फटिकावर ते पडताळून दाखवलं. यात बीमटाइमचा केवढा तुकडा गेला याचा सरांनी हिशेब केला नाही. शिष्येनं केला असावा, कारण ती दरवेळी घड्याळाकडे बघत होती. शेवटी सगळे आरोपी सुटले आणि पिंजऱ्यात एकटे सरच उरले.

परत आल्यावर सर काही आठवडे फुगून बसले. प्रबंधाचं पाचवं प्रकरण टेबलावर पडलं होतं आणि त्यांच्या सहीशिवाय ते पुढं जाणार नव्हतं. सर ते उघडत, दोन पानं वाचत, पेनाचं टोपण शोधत, ते सापडलं की चहाला जात. शिष्या रोज सकाळी दारातून डोकावून विचारी, "वाचलंत, सर?" सर म्हणत, "वाचतोय. सखोल वाचतोय." मुदत जवळ येत चालली. कॉलेजमधून तिला फोन यायला लागले, ते ती बाहेर जाऊन घेई आणि परत आल्यावर काही बोलत नसे.

घरी बायकोनं एकदाच विचारलं. "तिचं अडलंय कशासाठी?"

"शास्त्र आहे, घाई करून चालत नाही."

"शास्त्राला घाई नाही, पण तिला आहे," बायको म्हणाली, आणि दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी सरांनी प्रकरण खरोखर वाचलं. शिष्येनं फार जपून लिहिलं होतं: 'पूर्वीच्या कल्पनेत काही सुधारणा आवश्यक असल्याचे दिसते.' सर त्या वाक्याकडे बघत बसले. त्यांना वाईट वाटलं. खोटं कशाला सांगा, फार वाईट वाटलं. उमेदीची सगळी वर्षं एका वाटाण्यावर गेली आणि तो वाटाणाही खोटा निघाला. मग त्यांनी पेन उचललं, ते वाक्य खोडलं आणि वर लिहिलं: 'पूर्वीची कल्पना चुकीची आहे.' खाली सही केली. प्रबंध मुदतीच्या आत दाखल झाला.

आणि मग काय झालं, तर सरांना स्वतःच्या मोठ्या मनाची झिंग चढली. पुसलेल्या ठिपक्याची गोष्ट ते ज्याला त्याला सांगू लागले. विभागात सांगितली, परिसंवादात सांगितली, बायकोच्या दवाखान्यात खुर्चीवर आ वासून पडलेल्या एका माणसालाही सांगितली. प्रत्येक वेळी गोष्टीत सर थोडे अधिक बावळट होत आणि लोक थोडे अधिक हसत. "एका बोळ्यानं माझी सगळी कारकीर्द पुसली," हे वाक्य तर इतकं गाजलं की तरुण मंडळी ते आपसात म्हणायला लागली. नियतीनं आपला हात धरून चूक करवली आणि चुकीतून सत्य बाहेर आलं, असा एकूण सूर. लोक म्हणत, सर म्हणजे दिलदार माणूस. सर म्हणत, दिलदार कसला, वेंधळा. आणि मनातून त्यांना दोन्ही पटत असे.

शिष्येच्या तोंडी परीक्षेचा दिवस आला. बाहेरच्या विद्यापीठातून परीक्षक बाई आल्या होत्या, पांढऱ्या केसांच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. सर मागच्या रांगेत बसले. मार्गदर्शकानं परीक्षेत तोंड उघडायचं नसतं, म्हणून ते हाताची घडी घालून, चेहऱ्यावर आधीच कौतुक आणून बसले होते. शिष्येनं नीट, न अडखळता सगळं सांगितलं. वाकलेली रेघ दाखवली. परीक्षक बाईंनी बारीकसारीक विचारलं, तिनं बारीकसारीक उत्तरं दिली.

शेवटी बाईंनी चष्मा काढला. "काम उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "फक्त एक गोष्ट. ही बाजू आजवर कुणी मोजली नव्हती, आणि तुम्हीही ती मुद्दाम निवडली नाहीत. ती ठिपक्याची गोष्ट आम्ही सगळ्यांनी ऐकली आहे." सभागृहात हशा पिकला. सरांनी मागून मानेनंच ती दाद स्वीकारली. "म्हणजे हा नशिबाचा भाग होता, असं आपण लिहू शकतो?"

"नाही," शिष्या म्हणाली.

तिनं हातातली पानं खाली ठेवली. "ठिपका पुसला गेला तेव्हा मी बघत होते. कुठलं तोंड वर जातंय तेही मला दिसलं. तो स्फटिक मी वाढवलाय, मला तो अंधारातसुद्धा ओळखता येतो."

"मग तुम्ही बोलला नाहीत?"

"नाही."

"का?"

"बोलले असते तर सरांनी तो सरळ करून चिकटवला असता."

मग कुणीतरी हसलं आणि सगळेच हसले. परीक्षक बाईही हसल्या आणि त्यांनी पेन उचललं. सरसुद्धा हसले, पण सगळ्यांच्या मागून. एरवी हशा सुरू व्हायचा तो त्यांच्यापासून.

शिष्या उत्तीर्ण झाली. अभिनंदन झालं, फोटो झाले. तिची आई व्हीलचेअरवर आली होती, ती सगळ्यांचे हात हातात घेऊन रडत होती. गर्दी ओसरल्यावर सरांनी शिष्येला जिन्यापाशी गाठलं. तोंडाशी दोन-तीन विनोद आले होते, त्यांतला एकही बाहेर पडेना.

"ही बाजू मोजायचं तुझ्या मनात आधीपासूनच होतं?"

"हो, सर."

"मग मला सांगायचं होतंस. मी काय खाल्लं असतं तुला?"

"सांगितलं होतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "दोनदा सांगितलं होतं. एकदा भट्टीच्या खोलीत. आणि एकदा तुमच्या केबिनमध्ये, कागदावर काढून आणलं होतं. तुम्ही म्हणालात, आकृती सुबक काढलीयस. मग तुम्ही मला तुमच्या पहिल्या परदेशवारीची गोष्ट सांगितलीत. छान होती गोष्ट."

आईनं हाक मारली तशी ती वाकून सरांच्या पाया पडली आणि गेली.

सर जिन्यातच उभे राहिले. त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. भट्टीची खोली आठवली, केबिन आठवली, परदेशवारीची गोष्ट तर शब्द न् शब्द आठवली. कागद आठवेना. आपण नाही म्हटल्याचं आठवलं असतं, रागावल्याचं आठवलं असतं, तरी चाललं असतं. पण तिथं काहीच नव्हतं. ज्या मुलीनं वर्षानुवर्षं शेजारच्या टेबलावर काम केलं, तिला आपल्यापर्यंत एक गोष्ट पोचवायला आपण चुकण्याची वाट बघावी लागली, आणि चूक झाल्यावर स्वतःच्या पोटापाण्याचा जुगार खेळून गप्प बसावं लागलं. टक्कल, पोट, धाप, विसरभोळेपणा, सगळ्यावर त्यांनी विनोद केले होते. हे कधी त्यांच्या विनोदात आलं नव्हतं, कारण हे त्यांना माहीतच नव्हतं. इमारतीत बाकी सगळ्यांना माहीत असावं.

ते घरी आले तेव्हा बायको नुकतीच दवाखान्यातून आली होती आणि पाय स्टुलावर टाकून बसली होती.

"कसं झालं?"

"पास झाली. छान झालं."

"मग तोंड असं का?"

सरांनी सांगितलं. या वेळी गोष्ट त्यांनी रंगवली नाही. शिष्या जे आणि जसं बोलली, तसंच सांगितलं, मध्ये कुठं थांबून हशासाठी जागा सोडली नाही. बायको ऐकत राहिली. सांगून झाल्यावर सर तिच्याकडे बघत राहिले. ती हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती हसली नाही, आणि तिला आश्चर्य वाटल्याचंही दिसलं नाही.

"एक विचारू?" सर म्हणाले. "तू मला कधी असं काही सांगितलंयस का, जे मी ऐकलंच नाही?"

बायकोनं स्टुलावरचे पाय खाली घेतले.

"बसा," ती म्हणाली. "आधी चहा ठेवते. वेळ लागेल."

सर बसले.